भाग ४१ : समुद्राखाली पाणी का ओततात? मुंबई हायची गोष्ट

नागपुरातून तुमच्यासोबत पुन्हा एकदा मी. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, बसमध्ये, लायब्ररीत किंवा हेडफोन घरी विसरल्यावर, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित अवतार. बोलताना जे "म्हणजे काय तर" पन्नास वेळा येतं, ते काढून टाकलंय. बाकी जवळपास तसंच आहे.

आजचा विषय तेल. नागपूरकर म्हणतील, आपल्याकडे कुठलं आलं तेल, आपल्याकडे कोळसा! बरोबर आहे. विदर्भाच्या पोटात कोळसा आहे, मॅंगनीज आहे, पण तेलाची विहीर नाही. तरी तेलाच्या कारभाराचा एक धागा नागपुरात येतो. पेट्रोलपंप, एलपीजीचे साठे, टँकर, स्फोटकं यांच्या सुरक्षेचे परवाने देणारी 'पेसो' ही केंद्र सरकारची संस्था आहे आणि तिचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. तिथून जाताना बोर्ड पाहिला असेल, लक्ष दिलं नसेल.

पण आजची गोष्ट घडते मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत, अरबी समुद्रात. आणि घरात जुनी एक रुपयाची नोट असेल तर या गोष्टीतलं मुख्य पात्र तुमच्याकडे आहेच. नोट उलटी करा. मागच्या बाजूला समुद्रात पायांवर उभी असलेली एक यंत्रणा दिसेल. तिचं नाव 'सागर सम्राट'. एखाद्या देशाने आपल्या सगळ्यात छोट्या नोटेवर तेलविहीर खोदणारं जहाज छापावं, यावरून त्या काळात या गोष्टीचं किती अप्रूप होतं ते कळतं.

आधी थोडं मागे जाऊ. १९५६ साली ओएनजीसी सुरू झाली तेव्हा देशातलं तेल म्हणजे जवळजवळ फक्त आसाम. तिथल्या डिगबोईत १८८९ पासून तेल निघत होतं. नंतर गुजरातेत खंभात, अंकलेश्वर सापडलं. साठच्या दशकात सोव्हिएत युनियनच्या 'अकादमिक अर्खांगेल्स्की' या जहाजाने खंभातच्या आखातात आणि पुढे मुंबईसमोरच्या समुद्रात भूकंपीय सर्वेक्षण केलं. म्हणजे पाण्यात छोटे धमाके करायचे, त्यांचे प्रतिध्वनी ऐकायचे आणि तळाखालचे खडक कसे वाकलेत याचा नकाशा बनवायचा. त्या नकाशात एक भलामोठा उंचवटा दिसला. समुद्रतळाखालचा खडकाचा उंचवटा, म्हणून 'हाय'. बॉम्बे हाय, आताचं मुंबई हाय.

दिसलं, पण खोदायचं कशाने? तिथे समुद्र सुमारे ७५ मीटर खोल आहे. तेवढ्या पाण्यात उभं राहून खोदणारं यंत्र आपल्याकडे नव्हतं. मग जपानमध्ये मित्सुबिशीकडून सागर सम्राट बांधून घेतलं. ते १९७३ मध्ये आलं. ते वर्ष लक्षात ठेवा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटलं आणि काही महिन्यांत तेलाची किंमत बॅरलला तीन डॉलरच्या आसपास होती ती अकरा-बाराच्या घरात गेली. भारताकडे डॉलर आधीच मोजके. अशा वेळी फेब्रुवारी १९७४ मध्ये सागर सम्राटच्या पहिल्याच विहिरीत तेल लागलं.

दोन वर्षांत, २१ मे १९७६ ला, उत्पादन सुरूही झालं. आजच्या हिशोबानेही हा वेग जबरदस्त आहे. आधी तेल जहाजांत भरून आणायचे, मग समुद्राखालून उरणपर्यंत पाइपलाइन टाकली. १९८०-८१ मध्ये सगळ्या भारताचं कच्च्या तेलाचं उत्पादन साधारण एक कोटी टन होतं. चार वर्षांत, १९८४-८५ मध्ये, ते जवळपास दोन कोटी नव्वद लाख टन झालं. ही उडी मुख्यतः एकट्या मुंबई हायची. मार्च १९८५ मध्ये तिथून रोज सुमारे ४ लाख ७१ हजार बॅरल तेल निघत होतं. एक बॅरल म्हणजे १५९ लिटर. त्यानंतर आजपर्यंत तो आकडा मुंबई हायला पुन्हा गाठता आलेला नाही.

का नाही, हीच आजची गोष्ट.

पहिले एक गैरसमज काढून टाकू. तेलाचा साठा म्हटलं की आपल्या डोक्यात फुटाळ्यासारखं तळं येतं, फक्त जमिनीखालचं आणि काळं. तसं काही नसतं. जमिनीखाली असतो खडक. मुंबई हायमध्ये चुनखडीचा, समुद्रतळाखाली साधारण तेराशे मीटरवर. या खडकात बारीक छिद्रं असतात आणि त्या छिद्रांमध्ये तेल अडकलेलं असतं. पाणी प्यायलेली वीट डोळ्यांसमोर आणा. वीट पिळून पाणी निघत नाही. मग तेल वर येतं कसं?

दाबामुळे. वरच्या खडकाच्या आणि पाण्याच्या वजनामुळे तिथला दाब आपल्या भोवतालच्या हवेच्या शंभरपटीहून जास्त असतो. विहीर पाडली की त्या जागी दाब कमी होतो, आणि तेल जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावतं. शिवाय तेलात गॅस विरघळलेला असतो, सोड्याच्या बाटलीत असतो तसा. सुरुवातीला काही करावंच लागत नाही, विहीर आपोआप वाहते. लोक खूश, मंत्री खूश, पेपरात फोटो.

पण सोड्याची बाटली उघडी ठेवली तर काय होतं? दाब एका ठरावीक पातळीखाली गेला की विरघळलेला गॅस बुडबुडे होऊन बाहेर पडतो. खडकातही तेच होतं, आणि त्याचे तीन परिणाम होतात. गॅस पातळ, तेल जाड, त्यामुळे त्या बारीक वाटांमधून गॅस पुढे पळतो आणि तेल मागे राहतं. दुसरं, गॅस निघून गेलेलं तेल आणखी घट्ट होतं. आणि तिसरं, जे तेल वर ढकलणारं इंजिन होतं, तेच पळून गेलं. नुसत्या या नैसर्गिक जोरावर अशा साठ्यातलं जेमतेम दहा-वीस टक्के तेल निघतं. उरलेलं ऐंशी टक्के खडकातच.

मुंबई हायमध्ये यावर आणखी एक भानगड होती. तेलाच्या डोक्यावर मोकळ्या गॅसची टोपी बसलेली आहे. तेलाचा दाब उतरला की ती टोपी पसरते, खाली येते आणि विहिरीत घुसते. म्हणजे तेल काढायला गेलात आणि गॅसच जास्त यायला लागला.

मग उपाय काय? जेवढं काढलं तेवढं काहीतरी परत भरा. आपल्या भागातल्या लोकांना ही कल्पना नवीन वाटायला नको. कन्हान-कामठी पट्ट्यातल्या भूमिगत कोळसा खाणींत कोळसा काढला की मोकळ्या जागेत नदीची वाळू पाण्यासोबत सोडून भरतात, म्हणजे वरची जमीन बसत नाही. त्याला स्टोइंग म्हणतात. तेलाच्या बाबतीत खडक रिकामा होत नाही, त्याच्या छिद्रांतला दाब रिकामा होतो. तो भरायला सगळ्यात स्वस्त वस्तू म्हणजे पाणी.

यात दोन कामं एकदम होतात. एक, दाब टिकतो. याला म्हणतात प्रेशर मेंटेनन्स. दोन, पाणी एका बाजूने आत शिरतं आणि तेलाला पुढे रेटत दुसऱ्या विहिरीकडे नेतं. हे वॉटर फ्लडिंग. तर्री पोह्यांच्या वाटीत तर्री कमी दिसायला लागली की गाडीवाला खालून गरम पाणी वाढवतो आणि तेल पुन्हा वर तरंगतं. अशी वाटी आपल्यापैकी कोणाला मिळाली नाही? खडकातलं काम याहून फार किचकट आहे. तिथे तेल तरंगण्यापेक्षा ढकललं जातं. पण कल्पना डोक्यात बसायला तेवढं पुरे.

आता ही युक्ती सुचली कोणाला? खरं तर कोणालाच नाही, ती चुकून घडली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात १८६५ च्या सुमारास, पिटहोल नावाच्या गावाजवळ, तेलविहिरींत वरचं पाणी झिरपलं. ज्या विहिरीत पाणी शिरलं ती वाया गेली, पण शेजारच्या विहिरींचं तेल वाढलं. १८८० मध्ये जॉन कार्ल नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने लिहून ठेवलं की पाणी सोडण्याने फायदा होऊ शकतो. पण कायदा उलटा होता! सोडून दिलेल्या विहिरी नीट बुजवा, तेलाच्या थरात पाणी जाऊ देऊ नका, असा नियम. मग ब्रॅडफर्ड भागातल्या तेलवाल्यांनी काय केलं? रात्री गुपचूप पाइप तोडून पाणी सोडलं. ही चोरी कित्येक वर्षं चालली. शेवटी १९२१ मध्ये पेनसिल्व्हेनियाने ते कायदेशीर केलं. ब्रॅडफर्डचं उत्पादन १८८१ मध्ये शिखरावर जाऊन घसरलं होतं. पाण्याच्या जोरावर त्याने १९३७ मध्ये दुसरं शिखर गाठलं. छप्पन्न वर्षांनी!

मला हा किस्सा आवडतो, कारण यात विज्ञान, कायदा आणि लबाडी तिन्ही एकाच विहिरीत आहेत.

आता परत अरबी समुद्रात येऊ. मुंबई हायमध्ये पाणी सोडायला सुरुवात झाली १९८४ मध्ये, उत्तर भागात. दक्षिण भागात १९८७ मध्ये. आणि उत्पादन सुरू झालं होतं १९७६ मध्ये. ही मधली आठ ते अकरा वर्षं म्हणजे या गोष्टीचं हृदय.

तुम्ही म्हणाल, समुद्रात बसलेत, चहूकडे पाणीच पाणी, सोडायला काय जातं? जातं, बरंच जातं. समुद्राचं पाणी जसंच्या तसं खडकात घातलं तर खडकाचाच जीव जातो. त्यात गाळ असतो, शेवाळ असतं, सूक्ष्मजीव असतात. खडकाची छिद्रं केसाहून बारीक, ती बुजली की संपलं. म्हणून आधी बारीक गाळणी. पाण्यात ऑक्सिजन विरघळलेला असतो, तो हजारो मीटर स्टीलच्या पाइपला गंज चढवतो, म्हणून तो काढायचा. आधी उंच टाकीत निर्वात करून, मग उरलासुरला रसायनाने. जंतूंसाठी क्लोरीन आणि इतर औषधं. कारण समुद्राच्या पाण्यात सल्फेट असतं, आणि काही जिवाणू त्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनवतात. तोच तो सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू. एकदा का हे जिवाणू खाली खडकात वस्तीला गेले की चांगलं तेलक्षेत्र 'आंबट' होतं, आणि ते परत सुधारणं महाकठीण.

एवढं झालं की मग प्रचंड ताकदीचे पंप, वेगळे प्लॅटफॉर्म, समुद्रतळावरून पाइपलाइनी, आणि पाणी आत घालण्यासाठी वेगळ्या विहिरी. ज्या विहिरीतून एक थेंब तेल निघणार नाही अशी विहीर, तेलविहिरीइतक्याच खर्चाने पाडायची! हिशोबही उलटा पडतो. वर एक बॅरल तेल आलं म्हणून खाली एक बॅरल पाणी घातलं की झालं, असं नाही. खाली असताना त्या तेलात गॅस विरघळलेला होता, त्यामुळे ते फुगलेलं होतं. त्याने सव्वा-दीड बॅरलची जागा व्यापलेली असते. तेवढं पाणी घालावं लागतं, नाहीतर दाब उतरतच राहतो.

आता स्वतःला त्या काळच्या दिल्लीतल्या माणसाच्या जागी ठेवा. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली, तेलाच्या किमती पुन्हा भडकल्या. तुमच्याकडे मोजके पैसे आहेत. त्यातून नवा उत्पादन प्लॅटफॉर्म बांधला तर पुढच्या वर्षी तेल वाढतं, परदेशी चलन वाचतं, लोकसभेत सांगायला आकडा मिळतो. त्याच पैशात पाणी सोडायचा प्लॅटफॉर्म बांधला तर पुढच्या वर्षी काहीच दिसत नाही. फायदा दिसतो दहा वर्षांनी, आणि तोही 'जे कमी झालं नाही' अशा रूपात. तुम्ही काय केलं असतं?

मी या प्रश्नाला सोपं उत्तर द्यायला तयार नाही. 'मुंबई हायला ओरबाडलं' असं म्हणणारे खूप आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात दम आहे. ऐंशीच्या दशकात उत्पादनाचे आकडे साठ्याच्या तब्येतीच्या पुढे पळत होते, हे नंतरच्या घसरणीने दाखवलं. पण पाणी उशिरा आलं ते फक्त आपल्याकडेच, असं नाही. नॉर्वेचं एकोफिस्क घ्या. ते श्रीमंत देशाचं, बड्या कंपन्यांचं तेलक्षेत्र. उत्पादन सुरू १९७१, मोठ्या प्रमाणावर पाणी सोडलं १९८७ मध्ये. सोळा वर्षांनी! आणि तोवर तिथे काय झालं होतं माहितीये? खडूसारखा मऊ खडक, त्यातला दाब उतरल्यावर तो दबत गेला आणि अख्खा समुद्रतळ खाली बसला. प्लॅटफॉर्म पाण्याच्या जवळ आले. १९८७ मध्ये ते महाकाय प्लॅटफॉर्म जॅक लावून सहा मीटर वर उचलावे लागले. पाणी सोडल्यावर बसणं लगेच थांबलं का? नाही! पाण्याने तो खडू आणखी मऊ झाला, म्हणून तळ बरीच वर्षं बसतच राहिला. पण तेल? सुरुवातीला अंदाज होता सतरा-अठरा टक्के निघेल. आता तो आकडा पन्नास टक्क्यांच्या आसपास धरतात.

म्हणजे उशीर त्यांनाही झाला, आपल्यालाही. मग आपल्या वाट्याला तसं दुसरं शिखर का आलं नाही?

एक कारण खडकातच आहे. मुंबई हायची चुनखडी एकसंध नाही. तिचे थर आहेत, मध्ये शेलचे पातळ पापुद्रे, खारीसारखे. त्यातले काही थर पाणी पटकन वाहून नेतात, काही अजिबात नाही. वरून पाणी सोडलं की ते सोप्या थरातून सुसाट पळतं, समोरच्या विहिरीतून बाहेर येतं, आणि आजूबाजूच्या चिवट थरांतलं तेल तसंच राहतं. चुनखडीचा आणखी एक स्वभाव असतो. पुष्कळ ठिकाणी ती तेलाला घट्ट चिकटवून ठेवते, पाण्याला फारशी दाद देत नाही. वाळूच्या खडकात बहुधा हा त्रास कमी.

आणि दुसरं कारण वेळेचं. गॅस एकदा तेलातून सुटला आणि खडकात वाटा करून बसला की नंतर पाणी घालून दाब वाढवला तरी आधीची परिस्थिती परत येत नाही. ताप आल्यावर औषध घेणं आणि ताप मेंदूत गेल्यावर घेणं, एवढा फरक.

बिल आलं नव्वदच्या दशकाच्या तोंडावर. हे आकडे जरा हळू वाचा. भारताचं कच्च्या तेलाचं उत्पादन १९८९-९० मध्ये सुमारे ३ कोटी ४१ लाख टन. १९९०-९१ मध्ये ३ कोटी ३० लाख. पुढच्या वर्षी ३ कोटी ३ लाख. १९९२-९३ मध्ये २ कोटी ७० लाख. तीन वर्षांत एक पंचमांशाहून जास्त गायब! सगळा दोष मुंबई हायचा नव्हता. आसाममधल्या अशांततेचाही त्यात वाटा होता. पण मोठा खड्डा समुद्रातच पडला. साठ्याची तब्येत सुधारावी म्हणून जास्त गॅस फेकणाऱ्या विहिरी बंद ठेवाव्या लागल्या.

आणि वेळ बघा कोणती. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेल भडकलं. १९९१ मध्ये आपल्या तिजोरीत काही आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले, सोनं विमानात घालून इंग्लंडला गहाण ठेवायला पाठवलं. तो प्रसंग शाळेच्या पुस्तकात 'उदारीकरण' या धड्यात येतो, तेलाच्या धड्यात येत नाही. १९९१ च्या संकटाला इतर कारणं भरपूर होती, तूट होती, कर्ज होतं. मुंबई हायमुळे ते आलं असं मी म्हणत नाही. पण वर्षाला सत्तर लाख टन तेल कमी, म्हणजे पाच कोटी बॅरलच्या वर. बॅरलला वीस डॉलर धरा. अब्ज डॉलरचा हिशोब होतो. १९९१ च्या उन्हाळ्यात देशाकडे परदेशी चलन उरलं होतं तेच साधारण तेवढं. समुद्रतळाखालच्या छिद्रांमधला दाब आणि दिल्लीतली तिजोरी यांचा संबंध इतका थेट असतो.

पुढे काय केलं? २०००-०१ च्या सुमारास ओएनजीसीने मुंबई हायच्या उत्तर आणि दक्षिण, दोन्ही भागांच्या पुनर्विकासाच्या योजना हाती घेतल्या. खडकाचं नवं, त्रिमितीय चित्र तयार केलं. कुठल्या थरात तेल अडकून राहिलंय ते शोधून तिथे आडव्या विहिरी नेल्या. हो, आडव्या! आधी खाली जायचं, मग वळून थराच्या आतून आडवं शेकडो मीटर. जुन्या विहिरींनाच बाजूने फाटे फोडले. पाण्याची व्यवस्था सुधारली. उत्पादन पूर्वीसारखं झालं नाही, पण घसरगुंडी हळू झाली. या धंद्यात घसरण हळू होणं हेही यश धरतात.

इथे एक दुःखद प्रसंग सांगावाच लागेल. २६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस सगळ्यांना माहिती आहे. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्म जळून समुद्रात कोसळला. 'समुद्र सुरक्षा' नावाच्या मदतनौकेवर एकाला जखम झाली होती. पावसामुळे हेलिकॉप्टर मिळेना, म्हणून नौका प्लॅटफॉर्मजवळ आणली. लाटांत ती आपटली, आणि आपटली ती वर जाणाऱ्या एका गॅसच्या पाइपवर. तो पाइप होता 'गॅस लिफ्ट'चा. ही काय भानगड? दाब कमी झाला की तेल आपणहून वर येत नाही. मग विहिरीत खाली गॅस सोडून तेलाचा स्तंभ हलका करावा लागतो, तेव्हा ते वर चढतं. म्हणजे दाब उतरलेल्या साठ्याची ही काठी. त्या पाइपमधला गॅस पेटला आणि दोन तासांत प्लॅटफॉर्म गेला. २२ माणसं गेली. त्या खवळलेल्या समुद्रातून ३६२ जणांना वाचवलं, हेही तितकंच सांगायला हवं. पुराच्या बातम्यांच्या गर्दीत ही बातमी महाराष्ट्रात जेवढी पोहोचायला हवी होती तेवढी पोहोचली नाही, असं मला वाटतं.

मग आपल्या देशाने या सगळ्यातून काही वेगळं करून दाखवलं का? राजस्थानात बाडमेरजवळ मंगला नावाचं तेलक्षेत्र २००४ मध्ये सापडलं, २००९ मध्ये सुरू झालं. तिथलं तेल मेणासारखं. थंड झालं की तुपासारखं थिजतं. त्यात गार पाणी सोडलं तर खडकातच गोठेल. म्हणून तिथे आधीपासूनच गरम पाणी सोडायची योजना केली. 'आधी काढू, मग बघू' असं नाही, पहिल्या आराखड्यातच पाणी. आणि पाणी तेलाच्या पुढे पळू नये म्हणून नंतर त्यात पॉलिमर मिसळून पाणीच घट्ट केलं. कढी पातळ झाली की आपण बेसन लावतो, तसं समजा.

मुंबई हायचं आजचं काय? एप्रिल २०२४ मध्ये तिथून रोज सुमारे १ लाख ३४ हजार बॅरल तेल निघत होतं, शिखराच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. तरीही ते देशातलं मोठं तेलक्षेत्र आहे, आणि आपण आज लागणाऱ्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून आणतो. २०२४ मध्ये ओएनजीसीने जाहीर निविदा काढली : आम्हाला या म्हाताऱ्या क्षेत्रासाठी जगातला तंत्रज्ञ भागीदार हवा. तिथे अजून सुमारे आठ कोटी टन तेल काढण्याजोगं आहे असा अंदाज त्यात दिला होता. जानेवारी २०२५ मध्ये ब्रिटनच्या बीपी कंपनीची दहा वर्षांसाठी निवड झाली. तेलाची मालकी ओएनजीसीकडेच, बीपीने डोकं लावायचं आणि वाढ करून दाखवायची.

आणि डोकं लावणार कुठे? पुन्हा तिथेच. कुठल्या विहिरीत किती पाणी सोडायचं, कुठल्या थरात बंद करायचं, कुठे पाणी नुसतंच गोल फिरतंय. जुन्या तेलक्षेत्रांत विहिरीतून तेलासोबत पाणीच जास्त वर येतं. ते वेगळं करायचं, स्वच्छ करायचं आणि शक्य तिथे परत खाली घालायचं. पन्नास वर्षांपूर्वी तेलाची कंपनी म्हणून सुरू झालेला तो कारभार आता रोजच्या कामात बराचसा पाण्याचा कारभार झालाय.

आजच्यासाठी एवढंच. पुढच्या भागात आपण विदर्भात परत येऊ, कोळशाकडे. कामठीच्या खाणी कोणी, कधी आणि कशासाठी खोदल्या, ते बघू. तोवर ती जुनी एक रुपयाची नोट सापडली तर सागर सम्राटचे पाय नीट बघून घ्या.